पेरणीनंतर उठवलेला कर

१२ डिसेंबर १९३० रोजी मुंबईत काळबादेवी रस्त्यावर विलायती कापडाने भरलेला ट्रक अडवताना बाबू गेनू यांनी प्राण दिले. आंबेगाव तालुक्यातल्या महाळुंगे पडवळचा हा तरुण गिरणी कामगार होता. ट्रकपुढे माणसाने छाती काढून उभे राहण्याची वेळ आली, कारण इथला कर कोणाच्या सोयीने लावायचा हे परके सरकार ठरवत होते. १८९६ साली लँकेशायरच्या गिरणीमालकांच्या दबावाखाली विलायती कापडावरचा आयातकर साडेतीन टक्क्यांवर आणला गेला आणि तेवढाच कर इथल्या गिरण्यांच्या कापडावरही लादला गेला. आयातकराने देशी मालाला जे संरक्षण मिळाले असते, ते दुसऱ्या हाताने काढून घेतले. टिळकांनी त्याविरुद्ध रान उठवले, तरी तो कर तीसेक वर्षे टिकला.

आता सरकार आपले आहे. म्हणूनच २०२५ साली कापूस उत्पादकाच्या वाट्याला जे आले त्याचा जाब आपल्याच सरकारला विचारायला हवा.

२०२१च्या अर्थसंकल्पात कापसावर आयातशुल्क आले. अधिभार धरून ११ टक्के. २०२५ मध्ये अमेरिकेने भारतीय मालावर ५० टक्के कर लादला, तिरुपूरच्या कपडे निर्यातदारांच्या ऑर्डरी अडकल्या आणि १९ ऑगस्टला केंद्राने हे शुल्क ३० सप्टेंबरपर्यंत माफ केले. पाठोपाठ ती मुदत ३१ डिसेंबरपर्यंत वाढवली. तारखा पाहा. विदर्भ-मराठवाड्यात कापूस लागतो जून-जुलैत. ऑगस्टमध्ये बियाणे, खत, फवारणी, निंदणी यांचा खर्च होऊन गेलेला असतो. पीक बदलण्याचा मार्ग बंद झालेला असतो. मुदतवाढ मिळाली ती नेमकी वेचणीचा माल बाजारात येण्याच्या महिन्यांसाठी. घोषणेपाठोपाठ भारतीय कापूस महामंडळाने (सीसीआय) आपल्याकडच्या गाठींचे विक्रीदर खाली आणले. वेचणीआधीची सीतादहीची पूजा करून शेतकरी पहिल्या वेचणीला लागला, तेव्हा खासगी खरेदीचा भाव लांब धाग्याच्या कापसाच्या क्विंटलमागे ८,११० रुपयांच्या हमीभावाखाली होता.

हमीभाव आहेच की, असे सांगितले जाते. तो मिळतो सीसीआयच्या केंद्रावर, ॲपवर नोंदणी झाली तर आणि कापसात ओलावा १२ टक्क्यांच्या आत असला तर. आठ टक्क्यांच्या वर प्रत्येक टक्क्याला भाव कापला जातो. परतीच्या पावसात भिजलेली पहिली वेचणी या मापात बसत नाही, आणि उधारी तर दिवाळीआधी चुकवायची असते. मग तो माल गावातच व्यापाऱ्याच्या काट्यावर जातो.

सूतगिरण्यांची अडचण खोटी नाही. ब्राझील, ऑस्ट्रेलियाचा कापूस स्वच्छ असतो, स्वस्त पडतो, आणि महाग सूत घेऊन इचलकरंजीच्या यंत्रमागवाल्याने बाजारात टिकायचे कसे? पण निर्यातीसाठी लागणारा कापूस शुल्काशिवाय आणण्याची सोय आगाऊ परवान्याच्या योजनेत आधीपासून आहे. ती लहान कारखान्यांना झेपत नसेल तर सोपी करा. अमेरिकेच्या कराचा घाव सोसायचाच असेल तर तो सरकारी तिजोरीने सोसावा, निर्यातदाराला थेट मदत द्यावी. सबंध देशाचे दार उघडून तो यवतमाळच्या कोरडवाहू शेतकऱ्यावर ढकलणे हा अन्याय आहे.

संरक्षण नीट दिले की काय घडते, हे महाराष्ट्राने पाहिले आहे. १९३२ साली साखरेला कायद्याने संरक्षण मिळाले. ते किती वर्षे चालेल याचा अंदाज असल्याने लोकांनी त्या भरवशावर पैसा घातला. माळीनगरला माळी समाजाच्या शेतकऱ्यांनी भांडवल जमवून उभारलेला कारखाना १९३४ मध्ये सुरू झाला. कापसाच्या शुल्काला असा भरवसा कधी मिळालाच नाही. २०२२ मध्येही ते एप्रिल ते ऑक्टोबर माफ झाले होते. मोठी गिरणी वायदे बाजारात, गोदामात आपला बचाव शोधते. पाच एकरांच्या धन्याजवळ असे काहीच नसते.

या माफीची मुदत ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत होती. अशी माफी ऐन हंगामात पुन्हा देऊ नये. पुढच्या हंगामात शुल्क किती राहील हे सरकारने मे महिन्यात, बियाण्याची पाकिटे विकत घेण्याआधी सांगावे आणि शेवटच्या वेचणीपर्यंत त्याला हात लावू नये. लावावाच लागला, तर हमीभाव आणि बाजारभाव यांतला फरक शेतकऱ्याच्या खात्यावर जमा करण्याची तरतूद त्याच अधिसूचनेबरोबर यावी.