रक्तदाबाच्या रकान्याशेजारी

सातारा-सांगलीकडच्या सभासदांची या महिन्यातली पत्रे एकाच तक्रारीची आहेत आणि ती रास्त आहे. तिशीपुढच्या प्रत्येकाचा सीबॅक हा आजारांच्या जोखमीचा फॉर्म भरताना आशाताई तोंडातले चट्टे, न भरणारी जखम यांबद्दल विचारतात. पुढे आरोग्य केंद्रात रक्तदाबही मोजला जातो. हिरड्यांतून रक्त येते का, दात किडलेत का, हे नोंदवायला मात्र रकाना नाही. कर्करोगासाठी तोंड उघडायला लावायचे आणि समोर दिसणाऱ्या पूभरल्या हिरड्या तशाच सोडायच्या, याला तपासणी कसे म्हणावे?

असा रकाना रक्तदाबाच्या रकान्याशेजारी हवा, कारण तोंडातल्या जंतूंचाही पक्षाघाताशी संबंध दिसतो, असे म्हटले की ‘पक्षाघाताशी दातांचा काय संबंध?’ हा प्रश्न अधिकारीच नव्हे, फिजिशियनही विचारतात. कोलॅजनला चिकटणारे सीएनएम प्रथिन असलेल्या, दात किडवणाऱ्या स्ट्रेप्टोकोकस म्यूटन्स जंतूच्या जातीमुळे मेंदूतला रक्तस्राव वाढतो, हे जपानी संशोधकांनी २०११ साली उंदरांत दाखवले. पुढे मेंदूत रक्तस्राव झालेल्या रुग्णांच्या लाळेतही ही जात अधिक आढळली. फिनलंडमध्ये २०१९ साली ७५ रुग्णांच्या मेंदूच्या धमन्यांतून काढलेल्या गुठळ्या तपासल्या, तेव्हा ७९ टक्क्यांत तोंडातल्या स्ट्रेप्टोकोकायचा डीएनए सापडला. धूम्रपान, मधुमेह आणि गरिबी दोन्ही आजारांच्या मुळाशी असतात, हा आक्षेप खरा आहे. गुठळीत डीएनए सापडला म्हणून जंतूनेच ती केली, असेही ठरत नाही. म्हणूनच ‘स्केलिंग करा, लकवा टळेल’ असे रुग्णाला सांगणाऱ्या सभासदांनी ते आजच थांबवावे. पण जपानी संशोधनातला दुवा नीट पाहा. हा जंतू चिकटतो तो उघड्या पडलेल्या कोलॅजनला, आणि रक्तवाहिनीचे अस्तर खराब करून ते उघडे पाडण्यात वाढलेल्या रक्तदाबाचा मोठा वाटा असतो. म्हणजे हे दोन रकाने शेजारी हवेत, ते याच कारणासाठी. कार्यकारणभाव सिद्ध होईपर्यंत थांबा, असे म्हणणाऱ्यांना एवढेच विचारायचे आहे, की रक्ताळलेल्या हिरड्यांवर उपचार करायला पक्षाघाताचा पुरावा कशाला लागतो?

सरकारकडे बोट दाखवताना आपल्या खुर्चीशेजारीही पाहू. आपल्यापैकी कितीजण दात काढण्यापूर्वी रक्तदाब मोजतात? यंत्र दीड-दोन हजारांत मिळते. या महिन्यापासून प्रत्येक केसपेपरवर आकडा लिहा, वाढलेला दिसला तर चिठ्ठी देऊन फिजिशियनकडे पाठवा आणि त्याच चिठ्ठीवर हिरड्यांची अवस्थाही नोंदवा. रकान्याच्या मागणीचे निवेदन दोन्ही जिल्हा परिषदांच्या आरोग्य विभागांना द्यायचे आहे. त्याला जोडायला या नोंदी रुग्णांची नावे वगळून आमच्याकडे पाठवा.