जुनी मोटार आणि धुराचें अनुमान

आमच्या पुतण्याचें बिऱ्हाड खांदेश्वरास आहे. घरांत पांच माणसें. वहिनींचे गुडघे धरलेले. त्यांना आठवड्यांतून दोनदां दवाखान्यांत न्यावें लागतें आणि रिक्षांत चढणें आतां झेपत नाहीं. तेव्हां सुनेनें शिल्लक टाकलेल्या पैशांतून एक जुनी लहान मोटार घ्यावी, असें ठरलें. पुतण्याचा ओढा डिझेलकडे. आमचें मत पेट्रोलचें पडलें.

वाचकांनीं हिशेब करून पाहावा. स्टेशन व दवाखाना मिळून रोजची धांव ६ किलोमीटर धरली, तर ३०० दिवसांचे १,८०० किलोमीटर होतात. लिटरास २० प्रमाणें डिझेल ९० लिटर लागेल. १६ प्रमाणें पेट्रोल सुमारें ११२. डिझेलची स्वस्ताई जमेस धरली, तरी इंजेक्टरच्या एका दुरुस्तींत ही बचत बुडते. शिवाय १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहाचे नियम लागू झाल्यावर निघालेल्या डिझेल गाड्यांना काजळीची गाळणी असते. लांबच्या धांवेंत ती चांगली तापल्यावांचून आंतली काजळी जळत नाहीं. स्टेशनापर्यंतच्या फेरींत ती तापणार कशी? रोज पुण्यास जाणाऱ्यानें डिझेल खुशाल घ्यावें.

मात्र इंजिन फारच लहानही नको. पांच माणसें बसवून बोरघाट चढावयाचा, तर अल्टोचें ७९६ घन सेंटिमीटरचें इंजिन धापा टाकतें. २०११ ते २०२३ या काळांतील पेट्रोल स्विफ्टचें चार सिलिंडरांचें १,१९७ घन सेंटिमीटरचें इंजिन आम्हांस अधिक सोयीचें वाटतें.

गाडी पाहावयास सकाळींच जावें आणि प्रथम बॉनेटवर हात ठेवावा. तें ऊन लागलें, तर विकणारानें इंजिन आधींच तापवून ठेविलें आहे असें समजावें. नैयायिक धुरावरून अग्नीचें अनुमान करितात. आपण दोषाचें करावें. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतें. पांढरा धूर इंजिन तापल्यावरही थांबेना आणि कूलंटही घटूं लागलें, तर हेड गॅस्केटचा संशय घ्यावा. गालिचा उचलून चिखल व गंज पाहावा. पुरांत बुडालेली गाडी तेथें सांपडते.

आमच्या पुतण्यानें दोन गाड्या अशा परत पाठविल्या, तिसरी घेतली. नोंद कोणाच्या नांवें करावयाची, हा प्रश्न निघाला, तेव्हां वहिनीच म्हणाल्या, “पैसा जिचा, गाडी तिची.” पनवेलच्या परिवहन कार्यालयांत सुनेचें नांव लागलें. आतां वहिनींना दवाखान्यांत तीच नेते.