स्पर्धा कोणाशी, एकजूट कोणाविरुद्ध?

दरवर्षी सप्टेंबर महिना आला की भांडवली वृत्तपत्रांच्या अर्थविषयक पानांवर युद्धवार्ता झळकू लागतात. ॲपलने नवा फोन बाजारात आणला, गूगल त्याला प्रत्युत्तर देणार, सॅमसंग पेचात सापडली! या बड्या कंपन्या अहोरात्र एकमेकींच्या नरडीचा घोट घेण्यास टपलेल्या आहेत, आणि त्यांच्या झटापटीतून ज्या ठिणग्या उडतात त्यांनाच 'इनोव्हेशन' म्हणतात, अशी वाचकाची समजूत करून देण्यात येते. (या शब्दासाठी मराठीत 'नवनिर्मिती', 'नवोन्मेष', 'नवोपक्रम' असे तीन-तीन प्रतिशब्द घडविण्यात आले. ज्या वस्तूला इतकी नावे द्यावी लागतात ती वस्तू मुळात कोणी निर्माण केली, हे मात्र कोणी विचारीत नाही.) स्पर्धा थांबली तर संशोधन थांबेल, तेव्हा सरकारने, कायद्याने आणि विशेषतः कामगार संघटनांनी या शूरवीरांच्या वाटेत येऊ नये, असा उपदेश या वार्तांच्या शेवटी हटकून जोडलेला असतो. किंबहुना त्या उपदेशासाठीच सारी वार्ता रचलेली असते. म्हणूनच या स्पर्धेची जी हकीकत खुद्द अमेरिकेतील न्यायालयांच्या दप्तरात नोंदली गेली आहे, ती तपासून पाहणे अगत्याचे आहे.

फेब्रुवारी २००५ मध्ये ॲपलचे प्रमुख स्टीव्ह जॉब्स यांनी गूगलचे एक संस्थापक सर्गेई ब्रिन यांना फोनवरून बजावले की, ॲपलच्या माणसांपैकी एकालाही नोकरीस घेतलेत तर ते युद्ध समजले जाईल. स्पर्धेची महती गाणाऱ्यांच्या हिशेबाने येथे घनघोर संग्राम व्हावयास हवा होता. झाले ते उलटेच. एकमेकींच्या इंजिनियरांना आपण होऊन नोकरीचे बोलावणे धाडावयाचे नाही, असा समझोता या कंपन्यांत झाला. इंटेल, ॲडोबी, इंट्यूट, पिक्सार आणि लुकासफिल्म याही अशा समझोत्यांच्या जाळ्यात सामील होत्या. त्यांचा उद्देश एकच होता: श्रमशक्तीच्या खरेदीदारांनी आपसांत चढी बोली लावावयाची नाही. भाव पाडण्यासाठी धान्यबाजारातले अडते उपरण्याखाली बोटे दाबून जे करतात, तेच येथे ई-मेलने होत होते.

२००७ सालची एक घटना या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. नोकरभरतीचे काम पाहणाऱ्या गूगलच्या एका कर्मचाऱ्याने ॲपलच्या एका इंजिनियराशी संपर्क साधला. जॉब्स यांनी गूगलचे प्रमुख एरिक श्मिट यांच्याकडे तक्रार केली. त्या कर्मचाऱ्याला तत्काळ कामावरून काढून टाकण्यात येत असल्याचा निरोप उलट टपाली आला. हा निरोप आपल्या अधिकाऱ्याकडे पाठविताना जॉब्स यांनी एक शब्दही लिहिला नाही. फक्त हसऱ्या चेहऱ्याची खूण काढली. त्याच वर्षी पाम या कंपनीचे प्रमुख एडवर्ड कॉलिगन यांच्यापुढे असाच प्रस्ताव ठेवण्यात आला, तेव्हा त्यांनी तो बेकायदा असावा असे सांगून नाकारला. त्यावर पेटंटांच्या दाव्यांत ओढण्याची धमकी मिळाल्याचे त्यांनी न्यायालयास निवेदनाद्वारे कळविले. संशोधकाच्या संरक्षणासाठी म्हणून जे पेटंट जगाच्या गळी उतरविले जाते, त्याचा सोटा येथे कशासाठी उगारला गेला हे वाचकांच्या ध्यानात येईल.

हे सारे घडत असताना एकमेकांचे हे हाडवैरी कोठे बसत होते? गूगलचे श्मिट २००६ ते २००९ या काळात ॲपलच्या संचालक मंडळावर होते. इंटेलचे प्रमुख पॉल ओटेलिनी गूगलच्या संचालक मंडळावर होते. इंट्यूटचे अध्यक्ष बिल कॅम्पबेल ॲपलचे संचालक आणि त्याच वेळी गूगलच्या वरिष्ठांचे सल्लागार होते. एका पंगतीला बसून एकमेकांना आग्रह करणारी ही मंडळी वर्तमानपत्रांतून मात्र रणांगणावर उभी होती.

सप्टेंबर २०१० मध्ये अमेरिकी न्याय खात्याने यांतील सहा कंपन्यांवर खटला भरला आणि त्याच दिवशी तो मिटविलाही. दंड एक पैचाही नाही. पुन्हा असे करणार नाही, एवढी हमी पुरली. त्यानंतर सुमारे ६४,००० इंजिनियर व इतर तांत्रिक कर्मचाऱ्यांच्या वतीने दिवाणी दावा चालला. कंपन्यांनी देऊ केलेली ३२.४५ कोटी डॉलरांची रक्कम अपुरी असल्याचे सांगून न्यायाधीश लूसी कोह यांनी २०१४ मध्ये ती फेटाळली. अखेर २०१५ मध्ये ४१.५ कोटी डॉलरांवर तडजोड झाली, म्हणजे माणशी सुमारे साडेसहा हजार डॉलर, आणि त्यातूनही वकिलांची फी वजा जावयाची. आपण कामगार नव्हेत, 'प्रोफेशनल' आहोत, संघटना हे गिरणीतल्या माणसांचे काम, अशा समजुतीत वावरणाऱ्या सुशिक्षितांना (त्यांत भारतातून गेलेले तरुणही आलेच) मालकांच्या लेखी आपण कोण आहोत याचा उलगडा या दाव्यातून झाला असावा. सर्वांना झाला, असे म्हणवत नाही.

ही गोष्ट नोकरभरतीपुरतीच होती, असेही नाही. गूगलने फोनसाठी अँड्रॉइड ही प्रणाली आणल्यावर जॉब्स यांनी तिच्याविरुद्ध अण्वस्त्रयुद्ध पुकारण्याची भाषा केली होती. परंतु ॲपलच्या ब्राउझरमध्ये गूगलचेच शोधयंत्र आपोआप उघडावे, हा २००२ सालापासूनचा व्यवहार त्या युद्धातही सुरळीत चालू राहिला. या जागेसाठी गूगलने २०२२ या एका वर्षात ॲपलला सुमारे २,००० कोटी डॉलर मोजले. शोधाच्या त्या मार्गाने येणाऱ्या जाहिरात-उत्पन्नातील ३६ टक्के वाटा ॲपलला मिळत होता, असे सुनावणीत उघड झाले. ५ ऑगस्ट २०२४ रोजी न्यायाधीश अमित मेहता यांनी गूगल ही मक्तेदार असून तिने ती मक्तेदारी बेकायदा टिकविली, असा निर्णय दिला. घरबसल्या एवढा पैसा येत असेल तर ॲपलने स्वतःचे शोधयंत्र कशाला बांधावे? सप्टेंबर २०२५ मध्ये उपाययोजनेचा निकाल आला. दुसऱ्यांना मज्जाव करणाऱ्या करारांवर बंदी आली, परंतु पैसे देण्यावर आली नाही.

असे काही प्रथमच घडते आहे असे समजण्याचे कारण नाही. १९१६ मध्ये झुरिक येथे साम्राज्यवादावरील पुस्तिका लिहिताना लेनिन यांनी त्या काळातील सर्वांत आधुनिक उद्योगाचे, म्हणजे विजेच्या उद्योगाचे, उदाहरण घेतले होते. अमेरिकेची जनरल इलेक्ट्रिक आणि जर्मनीची ए.ई.जी. यांनी १९०७ मध्ये करार करून जगाची बाजारपेठ वाटून घेतली आणि आपापल्या शोधांची व प्रयोगांची माहितीही परस्परांस देण्याचे ठरविले. बाटल्या तयार करण्याच्या ओवेन्सच्या यंत्राचे पेटंट जर्मन कारखानदारांच्या संघाने विकत घेऊन ते वापरायचेच टाळल्याची हकीकतही त्याच पुस्तिकेत आहे. स्पर्धा समूळ नष्ट होते असे लेनिन यांचे म्हणणे नव्हते. मक्तेदारी स्पर्धेच्या पोटी जन्मते आणि तिच्या शेजारीच नांदते, असे त्यांचे प्रतिपादन होते. फोनच्या कॅमेऱ्यात चढाओढ असते हे कोणी नाकारीत नाही. प्रश्न आहे तो ही चढाओढ कोणत्या उंबरठ्यापाशी थबकते हा.

आणि शोध तरी कोणाचे? इंटरनेटची पूर्वज 'आर्पानेट' १९६९ मध्ये अमेरिकी संरक्षण खात्याच्या पैशाने उभी राहिली. जी.पी.एस. त्याच खात्याचे. वर्ल्ड वाइड वेब जिनीव्हाजवळील सर्न या सार्वजनिक संशोधनसंस्थेत जन्मले आणि १९९३ मध्ये संस्थेने ते सर्वांना विनामूल्य खुले केले. गूगलचे शोधतंत्रदेखील स्टॅनफर्ड विद्यापीठात सरकारी विज्ञाननिधीच्या आधाराने आकारास आले. त्याचे पेटंटही विद्यापीठाच्याच नावावर होते. जनतेच्या पैशाने विहीर खणावी आणि पाण्यावर पाटी कंपनीची लागावी, असा हा प्रकार आहे.

सॅमसंग आणि ॲपल यांचे पेटंटयुद्ध २०११ ते २०१८ अशी सात वर्षे गाजले. त्यातील पहिली काही वर्षे ॲपलच्या फोनातील मुख्य चिप सॅमसंगच्याच कारखान्यांत तयार होत होती. युद्धाने ना पुरवठा अडला ना नफा. त्याच सॅमसंगच्या तामिळनाडूतील श्रीपेरुंबुदूर येथील कारखान्यात फ्रिज, टेलिव्हिजन व धुलाईयंत्रे तयार करणाऱ्या कामगारांनी वेतनवाढीसाठी आणि आपल्या संघटनेच्या मान्यतेसाठी ९ सप्टेंबर २०२४ रोजी संप पुकारला. सिटूच्या नेतृत्वाखाली हजारावर कामगार ३७ दिवस बाहेर राहिले. पोलिसांनी त्यांचा मंडप उखडला, शेकडोंना ताब्यात घेतले. कॅलिफोर्नियातील मालकांच्या एकजुटीला ना नोंदणी लागली ना कोणाची परवानगी. या कामगारांना मात्र केवळ नोंदणीसाठी मद्रास उच्च न्यायालयाची पायरी चढावी लागली. संघटनेने आपल्या नावात 'सॅमसंग' हा शब्द वापरू नये, तो कंपनीच्या मालकीचा आहे, असाही आक्षेप घेण्यात आला. ज्यांच्या हातून त्या नावाचा माल बाहेर पडतो, त्यांनी ते नाव उच्चारू नये!

जानेवारी २०२५ मध्ये संघटनेची नोंदणी झाली, नावासकट. फेब्रुवारीत कंपनीने तिच्या तीन पदाधिकाऱ्यांना निलंबित केले, आणि कामगार कारखान्याच्या आवारातच पुन्हा धरणे धरून बसले.