विश्लेषण : गुणवान खेळाडू महाविद्यालयाच्या संघाकडे का वळत नाहीत?

खमरिया (जबलपूर) : महाविद्यालये आणि विद्यापीठांच्या संघांना अव्वल खेळाडू का मिळत नाहीत, या प्रश्नाचे उत्तर बहुधा मैदाने, प्रशिक्षक आणि निधी यांच्या कमतरतेत शोधले जाते. ही कमतरता खरी आहे. पण ते अर्धेच उत्तर झाले. जबलपूरमधील खमरिया या आयुध निर्माणीच्या वसाहतीतून पाहिले, तर उरलेले अर्धे उत्तर ठळकपणे दिसते. अठराव्या वर्षी गुणवान खेळाडू सुविधांपेक्षा पुढच्या पायरीचा विचार आधी करतो आणि देशातील बहुतेक महाविद्यालयांकडे त्याला देण्यासाठी ती पायरीच नाही.

जबलपूर शहरात मात्र अशा पायऱ्यांची वानवा नाही. १९०४ मध्ये सुरू झालेली गन कॅरेज फॅक्टरी, दुसऱ्या महायुद्धाच्या काळात उभी राहिलेली खमरियाची आयुध निर्माणी, वाहन निर्माणी आणि ग्रे आयर्न फाउंड्री अशा चार संरक्षण कारखान्यांभोवती हे शहर वाढले. २००३ पासून पश्चिम मध्य रेल्वेचे मुख्यालय येथे आहे. छावणीत ग्रेनेडियर्स आणि जम्मू-काश्मीर रायफल्स यांची रेजिमेंटल केंद्रे आहेत. रेल्वे आणि सैन्यदले गुणवान खेळाडूंना थेट नोकरी देतात आणि त्यांतील अनेक पदांसाठी पदवीची अट नसते. त्यामुळे येथील महाविद्यालयाची खरी स्पर्धा शेजारच्या महाविद्यालयाशी नसून नियुक्तिपत्राशी आहे. कामगार कुटुंबातील मुलासाठी या दोहोंतील निवड फारशी अवघड नसते.

स्पर्धा त्याच्याही आधी सुरू होते. सैन्यदलाच्या बॉइज स्पोर्ट्स कंपन्या मुलांना शालेय वयातच निवडतात. मध्य प्रदेश सरकारच्या क्रीडा अकादम्यांचेही तसेच आहे. इटारसीजवळच्या खेड्यातून आलेला हॉकीपटू विवेक सागर प्रसाद भोपाळच्या राज्य अकादमीत घडला आणि वयाची १८ वर्षे पूर्ण होण्याआधीच, जानेवारी २०१८ मध्ये, भारताच्या वरिष्ठ संघातून खेळला. टोकियो ऑलिंपिकमधील कांस्यपदकानंतर राज्य सरकारने त्याला पोलीस उपअधीक्षकपद देऊ केले. २०१८ च्या आशियाई क्रीडा स्पर्धेत कंपाउंड तिरंदाजीच्या सांघिक प्रकारात रौप्यपदक मिळवणाऱ्या संघातील मुस्कान किरार ही तर जबलपूरच्याच राज्य तिरंदाजी अकादमीतील खेळाडू. महाराष्ट्रातही चित्र वेगळे नाही. कोल्हापूरचा फुटबॉलपटू अनिकेत जाधव २०१७ मध्ये १७ वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला, तेव्हा त्याचे महाविद्यालयीन वय सुरूही व्हायचे होते. अव्वल खेळाडूची निवड होऊन गेल्यानंतर महाविद्यालयाचे प्रवेश सुरू होतात, असा हा क्रम आहे.

अमेरिकेशी तुलना केली, तर या क्रमाचे महत्त्व कळते. तेथील व्यावसायिक फुटबॉल लीगमध्ये शालेय शिक्षण संपल्यावर तीन वर्षे झाल्याशिवाय खेळाडूला प्रवेश मिळत नाही. त्यामुळे उत्तम खेळाडूला महाविद्यालयाच्या वाटेनेच जावे लागते आणि शाळेत असतानाच त्याच्यासाठी विद्यापीठांमध्ये चढाओढ लागते. तरीही सर्वोच्च श्रेणीतील सव्वाशेहून अधिक विद्यापीठांपैकी अलाबामा, जॉर्जिया, ओहायो स्टेट अशा मोजक्याच ठिकाणी नामांकित खेळाडू एकवटतात. जुलै २०२१ पासून खेळाडूंना स्वतःच्या नावाच्या व्यावसायिक वापरातून कमाईची मुभा मिळाली. २०२५ मधील न्यायालयीन तडजोडीनंतर विद्यापीठांना पहिल्या वर्षी सुमारे २ कोटी ५ लाख डॉलरपर्यंतची रक्कम थेट खेळाडूंमध्ये वाटण्याची परवानगी मिळाली. पैशाची ही वाट मोकळी झाल्यावरही लहान विद्यापीठांची अडचण सुटलेली नाही. कारण जेथून व्यावसायिक लीगमध्ये जाण्याची शक्यता अधिक, तेथेच खेळाडूचा ओढा राहतो. ज्या देशात महाविद्यालय हाच मुख्य दरवाजा आहे, तेथे ही स्थिती असेल, तर भारतात महाविद्यालय आडवाटेला पडावे यात नवल नाही.

मात्र, भारतात हे नेहमीच असे नव्हते. १९३५ मध्ये सुरू झालेल्या रोहिंटन बारिया करंडकाच्या आंतरविद्यापीठ क्रिकेट स्पर्धेकडे एकेकाळी निवड समितीचे बारीक लक्ष असे. मुंबई विद्यापीठाकडून खेळताना अजित वाडेकर यांनी ३२४ आणि पुढे सुनील गावसकर यांनी ३२७ धावांची खेळी केली. तेव्हा विद्यापीठ हीच रणजी संघाची आणि पर्यायाने भारतीय संघाची पायरी होती. पुढे वयोगटनिहाय राज्य स्पर्धा, अकादम्या आणि आयपीएल आले. आता स्थानिक वरिष्ठ स्पर्धेत अंतिम अकरांत खेळणाऱ्या क्रिकेटपटूला दिवसाला किमान ४० हजार रुपये मानधन मिळते. स्पर्धेचा करंडक कायम राहिला. त्याच्या मागची पायरी मात्र हलवली गेली.

आज विद्यापीठ संघाकडे एकच मोठे आकर्षण उरले आहे, ते म्हणजे प्रमाणपत्र. केंद्र सरकारच्या नियमांनुसार गट ‘क’मधील थेट भरतीत ५ टक्क्यांपर्यंत जागा खेळाडूंसाठी वापरता येतात आणि आंतरविद्यापीठ स्पर्धेत विद्यापीठाचे प्रतिनिधित्व केलेला खेळाडू त्यासाठी पात्र ठरतो. खमरियासारख्या वसाहतीत या तरतुदीला विशेष अर्थ होता. वडिलांच्या कारखान्यात किंवा शेजारच्या सरकारी आस्थापनेत खेळाच्या बळावर शिरण्याची ती संधी होती. अकादमीने न निवडलेल्या, पण मेहनती खेळाडूला महाविद्यालयाच्या मैदानावर टिकवून ठेवणारा धागाही तोच होता.

तो धागा आता विरत चालला आहे. १ ऑक्टोबर २०२१ रोजी आयुध निर्माणी मंडळ विसर्जित होऊन सात सरकारी कंपन्या स्थापन झाल्या. खमरियाची निर्माणी पुण्यात मुख्यालय असलेल्या म्युनिशन्स इंडिया लिमिटेडकडे गेली. जुने कर्मचारी मानीव प्रतिनियुक्तीवर नव्या कंपनीत आले. त्यानंतर याच कंपनीच्या चांदा, भंडारा आणि देहूरोड येथील निर्माण्यांनी ठरावीक मुदतीच्या करारावर कामगार भरतीच्या जाहिराती काढल्या. उत्पादन वाढवण्याच्या दृष्टीने कंपनीकडे यासाठी कारणे असतील. पण मुदतीच्या करारासाठी तीन वर्षे विद्यापीठाच्या संघात घाम गाळण्याची तयारी कोण दाखवील, हा प्रश्न उरतोच. स्थायी नोकरीची शक्यता घटते, तेव्हा प्रमाणपत्राचे मोल घटते आणि त्याबरोबर महाविद्यालयाच्या संघाचेही.

या पोकळीत काही खासगी विद्यापीठांनी नेमकी संधी साधली आहे. शुल्कमाफी, निवास, आहार आणि परीक्षांतील सवलत देऊन ती देशभरातून खेळाडू गोळा करतात. २०२२ मधील खेलो इंडिया विद्यापीठ स्पर्धेचे सर्वसाधारण विजेतेपद बंगळुरूच्या जैन विद्यापीठाने, तर २०२४ मध्ये ईशान्य भारतात झालेल्या स्पर्धेचे विजेतेपद चंदीगड विद्यापीठाने पटकावले. जबलपूरच्या राणी दुर्गावती विद्यापीठासारख्या, १९५६ पासून संलग्न महाविद्यालयांवर चालणाऱ्या राज्य विद्यापीठांना ही बोली लावणे शक्य नाही. त्यांच्या महाविद्यालयांतील क्रीडा अधिकाऱ्याला प्रवेश घेतलेल्यांमधूनच संघ उभा करावा लागतो.

तरीही पैशाशिवाय काही होत नाही, हा निष्कर्ष घाईचा ठरेल. २०२० मध्ये भुवनेश्वर येथे झालेल्या पहिल्या खेलो इंडिया विद्यापीठ स्पर्धेत सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाने दुसरे स्थान मिळवले होते. तेही संलग्न महाविद्यालयांचे सरकारी विद्यापीठच आहे. पुण्याला बालेवाडीचे क्रीडासंकुल, क्रीडा प्रबोधिनी आणि सैन्यदलाची क्रीडा संस्था यांचे सान्निध्य आहे. खेळाडू सरावासाठी ज्या शहरात राहतो, तेथेच प्रवेश घेतो, हा साधा हिशेब विद्यापीठाच्या पथ्यावर पडतो.

जबलपूरकडेही असे सान्निध्य आहे. तिरंदाजी अकादमी शहरात आहे. रेल्वे, सेना आणि निर्माण्या यांची मैदाने आहेत. नाही तो या सर्वांना महाविद्यालयाशी जोडणारा दुवा. अकादमीतील आणि नोकरीतील खेळाडूला स्पर्धांच्या वेळापत्रकाशी जुळणाऱ्या परीक्षा, हजेरीत सवलत आणि पदवीपर्यंतची खात्री देता आली, तर विद्यापीठाला खेळाडू ‘मिळवावा’ लागणार नाही. तो शहरात आहेच. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा एक-दोन बाद फेऱ्यांत उरकण्याऐवजी साखळी पद्धतीने वर्षभर चालल्या, तर विभागीय संस्थांच्या निवड समित्यांनाही तेथे येण्याचे कारण मिळेल. या दोन्ही गोष्टींसाठी मोठ्या निधीपेक्षा प्रशासकीय निर्णयाची गरज अधिक आहे.

याचा लाभ केवळ पदकतालिकेपुरता नाही. अठराव्या वर्षी खेळावर सर्वस्व लावलेल्यांपैकी फारच थोडे विवेक सागर होतात. दुखापत झाली, निवड हुकली किंवा कराराची मुदत संपली, तर हातात पदवी असणे आणि नसणे यांत आयुष्याचा फरक पडतो. महाविद्यालय अव्वल खेळाडूला गमावते, तेव्हा संघ दुबळा होतो. पण खेळाडू महाविद्यालयाला गमावतो, तेव्हा त्याची किंमत खमरियातील एखाद्या घराला पुढची कित्येक वर्षे मोजावी लागते.