वहिवाटीचा हक्क

संगणक आणि समाज : दिल्लीहून साप्ताहिक स्तंभ

विंडोज १० ची नित्याची देखभाल मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवली, आणि विंडोज ११ ला लागणारी टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय किंवा पुरेसा नवा प्रोसेसर ज्यांत नाही अशा, एरवी धडधाकट असलेल्या संगणकांपुढे मुख्यतः दोन वाटा उरल्या : एक सीलमपूरच्या भंगारबाजाराची, जिथे टाकाऊ यंत्रे फोडून त्यांतील धातू वेगळे काढतात, आणि दुसरी लिनक्स या मुक्त प्रणालीची. नेहरू प्लेसमध्ये जुना संगणक घेऊन त्यावर लिनक्स चढवणारा विद्यार्थी असो, की २०२३ मध्ये संरक्षण मंत्रालयाने उबुंटू या लिनक्सच्या एका वितरणावर आधारलेली ‘माया’ प्रणाली आणण्याचे ठरवल्यावर नवा पडदा समोर आलेला साउथ ब्लॉकमधील कारकून असो, या दुसऱ्या वाटेवर आज ना उद्या एक प्रश्न उभा राहतोच : डेस्कटॉपचे जे रूप हाताला सवयीचे झाले, ते नवी आवृत्ती येताच सोडले पाहिजे काय? माझे मत असे की ही सक्ती अनावश्यक आहे आणि म्हणूनच अन्यायाची आहे. कारण जुनी व नवी आवृत्ती एकाच यंत्रावर शेजारीशेजारी नांदू शकते, आणि तशी तजवीज ठेवणे हे प्रणाली पुरवणाऱ्याचे कर्तव्य आहे.

याचा सर्वांत बोधप्रद दाखला केडीई या डेस्कटॉपच्या इतिहासात सापडतो. मॅथियास एट्रिख यांनी १९९६ मध्ये आरंभलेला हा प्रकल्प २००५ च्या ३.५ या आवृत्तीपर्यंत असा परिपक्व झाला होता की त्यावर लोकांचे रोजचे कामकाज निर्वेधपणे चाले; पण ११ जानेवारी २००८ रोजी बऱ्याच अंशी नव्याने लिहिलेली ४.० ही आवृत्ती प्रसिद्ध झाली, आणि तिच्यात पूर्वीच्या कित्येक सोयी अद्याप यायच्या होत्या. लिनक्सच्या वितरणांपैकी फेडोरा ९ ने त्या वर्षीच्या मे महिन्यात जुनी आवृत्ती काढून केवळ नवी दिली, ओपनसूसे ११.० ने मात्र जूनमध्ये दोन्ही दिल्या. पुढे लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनीही या बदलाला कंटाळून केडीई सोडल्याचे जाहीरपणे सांगितले. नवी आवृत्ती अपुरी होती, हा तिचा दोष क्षम्य होता, कारण प्रत्येक नवे बांधकाम काही काळ अपुरेच असते. अक्षम्य होते ते नवे पुरे होण्याआधीच जुने पाडून टाकणे.

ओपनसूसेने दोन्ही आवृत्त्या एकत्र नांदवल्या त्या कोणत्या युक्तीने, हे समजून घेण्याजोगे आहे. जुन्या केडीईच्या साऱ्या फायली ‘ऑप्ट’ नावाच्या वेगळ्या फोल्डरखाली ठेवल्या, नव्याच्या नेहमीच्या जागी राहिल्या, आणि लॉगिनच्या पडद्यावर कोणते सत्र सुरू करायचे हे वापरणाऱ्याने निवडायचे, अशी ती व्यवस्था होती. परंतु प्रोग्राम वेगळे ठेवून भागत नाही. वापरणाऱ्याच्या आवडीनिवडी त्याच्या घर-फोल्डरातील लपलेल्या फायलींत नोंदलेल्या असतात, आणि दोन आवृत्त्यांनी त्याच फायली वापरल्या तर दोन कारकुनांनी एकाच खतावणीत आपापल्या पद्धतीने नोंदी कराव्यात तशी गत होते : नव्याने बदललेली नोंद जुन्याला वाचता येत नाही, आणि पाहता पाहता दोघांचाही हिशेब बिघडतो. म्हणून सेटिंग्जही विभक्त हव्यात. आणि ज्याला एवढ्या खोलात शिरायचे नाही, त्याने दुसऱ्या आवृत्तीसाठी वेगळे यूझर-खाते उघडावे, हा सर्वांत निर्धोक मार्ग होय.

ग्नोम या लिनक्सवरील दुसऱ्या डेस्कटॉपच्या बाबतीत हीच गोष्ट निराळ्या रीतीने घडली. एप्रिल २०११ मध्ये ग्नोम ३ ने जुनी मांडणी मोडीत काढली, तेव्हा ग्नोम २ ची प्रत घेऊन ‘माटे’ निघाला. आणि नव्या ग्नोमशी तंटा होऊ नये म्हणून त्याच्या कर्त्यांनी आपल्या प्रोग्रामांची नावेच बदलून घेतली, त्यामुळे आज दोन्ही एका यंत्रावर सुखाने राहतात. केडीई ३.५ चा वारसा ‘ट्रिनिटी’ने चालवला आहे, आणि तोही आपले बिऱ्हाड स्वतंत्र फोल्डरात थाटून ‘प्लाझ्मा’ या केडीईच्या नव्या डेस्कटॉपच्या शेजारी चालतो. उलट प्लाझ्मा ५ आणि फेब्रुवारी २०२४ मधील प्लाझ्मा ६ यांच्या मूळ लायब्रऱ्या एकत्र राहू शकत असल्या, तरी ते डेस्कटॉप स्वतः सामान्यतः तसे राहत नाहीत. म्हणजे सहवास आपोआप घडत नाही. कोणीतरी तो विचारपूर्वक योजावा लागतो.

भारतीय भाषांच्या दृष्टीने तर या योजनेचे महत्त्व विशेषच आहे. दिल्लीच्या सिव्हिल लाइन्समधील सीएसडीएस या संशोधन-संस्थेच्या ‘सराय’ने, २००० नंतरच्या वर्षांत, डेस्कटॉपचे मेनू व संदेश हिंदीत आणण्याच्या स्वयंसेवी कार्याला आधार दिला, मराठीतही असे काम अनेकांनी निष्ठेने केले. नवी आवृत्ती आली की शेकडो वाक्ये बदलतात, नवी भर पडते, आणि अनुवादकांची संख्या थोडी असल्याने काल पूर्णपणे आपल्या भाषेत असलेला पडदा आज अर्धा इंग्रजी होतो. अनुवादक पुन्हा तेथवर पोचेपर्यंत, जिला इंग्रजी येत नाही त्या बाईने जुन्या आवृत्तीत काम चालू ठेवले, तर त्यात कोणाचे काय बिघडले?

आक्षेप असा घेतला जातो की जुन्या आवृत्तीला सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळत नाहीत. जिची देखभाल खरोखर संपली तिच्याबाबत तो रास्त आहे, आणि तशी आवृत्ती इंटरनेटला जोडलेल्या दप्तरी यंत्रावर ठेवावी असे मी म्हणणार नाही. परंतु माटे आणि ट्रिनिटी यांची देखभाल आजही चालू असल्यामुळे हा आक्षेप जुन्या रूपाला सरसकट लागू होत नाही.

केंद्र सरकारने मुक्त सॉफ्टवेअर स्वीकारण्याचे धोरण २०१५ मध्ये जाहीर केले. त्या धोरणाच्या अंमलबजावणीत आता एक कलम स्पष्ट शब्दांत समाविष्ट व्हावे : कोणत्याही कार्यालयात डेस्कटॉपची आवृत्ती बदलताना, देखभाल मिळत असेतोवर, जुनी आवृत्ती लॉगिनच्या पडद्यावर उपलब्ध राहील, दोहोंच्या सेटिंग्ज विभक्त असतील, आणि कोणत्या दिवशी कायमचे स्थलांतर करायचे हे त्या मेजावर बसणारा माणूस ठरवील. सॉफ्टवेअर मुक्त असण्याचा जो लाभ फाइलींत आणि निविदांत सांगितला जातो, तो सामान्य कर्मचाऱ्याच्या पदरात प्रत्यक्ष पडायचा असेल, तर त्याचा आरंभ या कलमापासून करता येईल.