हिशेबाची वही परत द्या



आजच्या लेखाचा आरंभ मी स्वतःच्या एका चुकीने करतो. माझ्या वडिलांचे आयुष्य किराणा दुकानाच्या गल्ल्यावर गेले. दुकान बंद झाल्यावरही घरच्या दुधाचा हिशेब त्यांच्याकडेच होता. ऐंशी उलटल्यावर एका महिन्यात त्यांनी दूधवाल्याला आठशे रुपये जास्त दिले. मी म्हणालो, "बाबा, आता तुम्ही कशाला त्रास घेता? पैसे मी मोबाईलवरून पाठवत जाईन." त्यांनी मुकाट्याने वही माझ्या हाती दिली. त्यानंतर हळूहळू वर्तमानपत्र न उघडता पडून राहू लागले आणि आज तारीख कोणती, हेही ते विचारीनासे झाले. विस्मरण सुरू झाले, असेच घरात सर्वांना वाटले.

पुढे तपासणीत मोतीबिंदू आढळला. दूधवाल्याच्या कार्डावरील २,१४० हा आकडा त्यांनी २,९४० असा वाचला होता. दोष दृष्टीचा होता. मी मात्र काम काढून घेतले होते.

तोंडी हिशेब करताना मेंदू एकाच वेळी अनेक कामे करतो. लक्ष एकवटावे लागते, पहिली संख्या ध्यानात धरून दुसरी मिळवावी लागते, आणि चूक झाल्यास मागे वळून पाहावे लागते. वापर थांबला की ही सवय मंदावते. म्हणून रोज दहा-पंधरा मिनिटे आकड्यांसाठी अवश्य काढावीत. त्यासाठी काही विकत आणावे लागत नाही.

दुधाचा हिशेब : रोज दीड लिटर दूध, तीस दिवसांत चार खाडे, दर लिटरला ६० रुपये. सव्वीस दिवसांची दिडकी एकोणचाळीस; म्हणजे ३९ लिटर, एकूण २,३४० रुपये. आधी तोंडी करावे, मग कागदावर पडताळावे.

पाढे : पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी ही तुमच्या पिढीची ठेव आहे. आठवेल तेवढे म्हणावे, मग एखादा पाढा उलट म्हणून पाहावा. इंग्रजी माध्यमातील नातवंडांना 'एकोणसत्तर' ऐकून आकडा लिहायला सांगावे. या खेळात आजी-आजोबा गुरू असतात, हा त्याचा मोठा लाभ.

पत्ते : रमी, मेंढीकोट किंवा बदाम सात खेळताना गुण लिहिण्याचे काम ज्येष्ठांकडे द्यावे.

नाणी व नोटा : शिक्षण कमी असेल किंवा लेखन जमत नसेल, तर सुटे पैसे वेगळे करणे आणि शंभराची रास लावणे पुरेसे आहे. घरातील दोन फोन क्रमांकही पाठ असावेत. प्रसंगी तेच उपयोगी पडतात.

हे सारे बसून, चष्मा लावून, चांगल्या उजेडात करावे. चालता चालता हिशेब करू नये. लक्ष विभागले की तोल जाण्याचा धोका असतो. घरच्यांनी चूक चारचौघांत दाखवू नये. "पुन्हा एकदा पाहू या का?" एवढे म्हणणे पुरे. 'शंभरातून सात वजा करीत जा' हा प्रश्न आम्ही दवाखान्यात तपासणीसाठी विचारतो. घरी त्याची परीक्षा मांडू नये.

आकड्यांच्या सरावाने स्मृतिभ्रंश टळेलच, अशी हमी मी देणार नाही. चालणे, रक्तदाब व साखर आटोक्यात ठेवणे, ऐकू कमी येत असल्यास श्रवणयंत्र वापरणे आणि माणसांत मिसळणे यांचेही महत्त्व तेवढेच आहे.

काही खुणांकडे मात्र दुर्लक्ष करू नये. जन्मभर चोख व्यवहार करणारी व्यक्ती तेच बिल वारंवार दोनदा भरू लागली, नोटा ओळखताना अडखळू लागली, तर डॉक्टरांना दाखवावे. बी-१२ ची कमतरता, थायरॉइडचे विकार, नैराश्य किंवा झोपेच्या काही गोळ्या यांमुळेही असा गोंधळ होतो, आणि त्यावर उपचार आहेत. गोंधळ अचानक उद्भवला, बोलणे जड झाले, तोंड वाकडे झाले किंवा हातापायातील बळ गेले, तर क्षणाचाही विलंब न लावता रुग्णालय गाठावे. मधुमेही व्यक्तीची साखर खूप उतरल्यानेही असे होऊ शकते, म्हणून ती तत्काळ तपासावी.

बँकेचे मोठे व्यवहार दोघांनी मिळून करावेत, हे योग्यच. पण दुधाची वही ज्येष्ठांकडेच असू द्यावी. दहा रुपयांची चूक घराला परवडते. घरात आपले काहीच काम उरले नाही, ही भावना त्यांना परवडत नाही.

शस्त्रक्रियेनंतर मी बाबांना वही परत दिली. महिनाअखेरीस आम्ही दोघे मिळून बेरीज ताडून पाहतो. गेल्या महिन्यात खाडे मोजण्यात एक चूक निघाली. ती माझी होती.