मातीवांचून पीक आणि आमचें पाणी

हरितगृहांतील पिकास माती नकोच, नारळाच्या काथ्याचा भुसा, म्हणजे बाजारांत मिळणारें कोकोपीट, पुरेसें आहे, असा उपदेश अलीकडे शिरूर कासारकडील शेतकऱ्यांस ऐकावयास मिळतो. तो खोटा आहे असें आमचें म्हणणें नाहीं. मातीवांचून पीक येतें ही गोष्ट कॅलिफोर्नियांत गेरिक ह्यांनीं १९३० च्या सुमारास करून दाखविली. १९४६ पासून शोल्टो डग्लस ह्यांनीं बंगाल्यांत कालिम्पोंगकडे तसेच प्रयोग चालविले. शिवाय मातींतील मर रोग व सूत्रकृमी ह्यांपासून भुशामुळें पुष्कळ सुटका होते, हेंही खरें.

परंतु माती हें कोठार आहे. काळ्या रानांत ओल व अन्न ह्यांचा सांठा असतो आणि शेतकऱ्याची एखादी चूक तें पोटांत घालतें. भुशापाशीं स्वतःचें अन्न फारसें नसतें. जें द्यावयाचें तें पाण्यांतून, मोजून, दिवसांतून अनेक वेळां द्यावें लागतें. चैत्रांत भर दुपारीं चार तास वीज गेली, तर रानांतील झाड तग धरील. पिशवींतील झाड मान टाकील.

त्यांतून आमच्याकडे उन्हाळ्यांत विहिरी आटतात व खोल बोअरवर भिस्त येते. अशा पाण्यांत क्षार अधिक असल्यास ते पिशवींत सांचतात आणि पानांच्या कडा करपतात. क्षार धुऊन जाण्यासाठीं दिलेल्या पाण्याचा सुमारें पांचवा हिस्सा खालून वाहूं द्यावा लागतो. भुसाही मुळांत खारट असूं शकतो. तो गोड्या पाण्यानें व कॅल्शियम नायट्रेटनें धुतलेला आहे कीं नाहीं, हें पाहिल्यावांचून घेऊं नये.

कर्ज काढून हा उद्योग आरंभणाऱ्यांनीं अधिक जपावें. सातबाऱ्यावर बोजा चढविण्याच्या व उतरविण्याच्या नोंदी आम्हीं नोकरींत पुष्कळ पाहिल्या. चढण्यास थोडे दिवस लागतात. उतरण्यास वर्षें लागतात.

म्हणून आमची सूचना अशी कीं, भुसा विकत घेण्यापूर्वीं पाणी तपासून घ्यावें. दुसरें, छपराचें पाणी धरावें. दहा गुंठ्यांच्या छपरावर १०० मिलिमीटर पाऊस झाला, तर सुमारें १ लाख लिटर पाणी पडतें. तें अस्तराच्या तळ्यांत सांठविल्यास भुशास त्यासारखें दुसरें पाणी नाहीं. तिसरें, भुशाचा आरंभ रोपवाटिकेपासून करावा. ट्रेमधील मिरची-टोमॅटोच्या रोपांस भुसा थोडा लागतो, जोखीम थोडी असते, आणि महिना-सव्वा महिन्यांत आपला हात बसला कीं नाहीं तें कळतें. पुढें पिशव्या मांडल्याच, तर खालून वाहणारें खताचें पाणी वाया न घालवितां बांधावरील झाडांस द्यावें.

आपल्या संघानें पाण्याची क्षारता मोजण्याचें एक यंत्र सामाईक घेऊन सभासदांस वापरावयास द्यावें, अशी आमची चालकांस विनंती आहे.